एका बोटाचा माउस

९ जानेवारी

प्रिय खटक्या,

आतेबहिणीचं पत्र, तेही पाकिटातलं, बघून तू चक्रावशील. फोन का केला नाही ते आधी सांगते. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं ह्यांना शब्दन्‌शब्द ऐकू जातं. अंगातली बाकी ताकद गेली, कान मात्र आणखी तिखट झालेत. मेसेज करावा तर आमचं दोघांचं खातं एकच, तो ह्यांच्या स्क्रीनवरही उमटतो. म्हणून चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरवर बसून लिहितेय. उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

ह्यांचा आजार तुला माहीत आहे, पण तू शेवटचा आलास तेव्हा हे काठी धरून दारापर्यंत यायचे. आता बोलणं पूर्ण गेलंय. उजवं मनगट थोडं सरकतं आणि पहिलं बोट दाबलं जातं, बस. स्क्रीनवर अक्षरांची पाटी असते. हे माउस सरकवून एकेका अक्षरावर जातात आणि दाबतात. असं करत भाजीत मीठ कमी आहे इथपासून मला चिडवण्यापर्यंत सगळं चालतं. डोळ्यांनी चालणारं यंत्र इस्पितळात लावून पाहिलं, पण ह्यांच्या पापण्या पडतात, ते जमेना. साध्या माउसचं बटण ह्यांच्या बोटाला झेपत नाही. झेपतो तो एकच. लेक नोकरीला जाताना तिचा गेम खेळायचा बिनवायरीचा माउस इथे टाकून गेली होती, स्वस्तातला, बाजूला हिरवा दिवा लागणारा. त्याचं बटण फुंकर मारल्यासारखं दाबलं जातं.

तो माउस आता बिघडलाय. एकदा दाबलं की दोनदा लागतं. ‘पाणी’ लिहायला गेले की ‘पापाणीणी’. ह्यांनी आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली, चुकीचं अक्षर ह्यांना डोळ्यासमोर सहन होत नाही. ते खोडायला जातात, तर खोडणंही दोनदा होतं आणि बरोबर असलेलं अक्षरसुद्धा उडतं. एका ओळीत बोट थकून जातं. मग डोळे मिटून घेतात आणि मी विचारत राहते, काय म्हणायचं होतं, काय.

तुझ्या गेमच्या कॅफेत असले माउस ढिगाने असतात. लहानपणी घरातलं एकही बटण तू धड राहू दिलं नाहीस, म्हणून तर तुझं हे नाव पडलं. आता त्याचा काही उपयोग कर. जरा घाई आहे. डॉक्टरांना ह्यांच्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवंय.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

प्रिय ताई,

पाकीट उघडायच्या आधी मला वाटलं वीजकंपनीने आता हाताने लिहून धमक्या द्यायला सुरुवात केली.

काय झालंय ते कळलं. बटणाच्या खाली एक चिमुकला खटका असतो, त्यात पत्र्याची पातळ पट्टी. ती थकली की एकदा टेकायच्या ऐवजी थरथरते आणि माउसला वाटतं दोनदा दाबलं. स्वस्त माउसचं मरण नेहमी इथूनच येतं. बाकी सगळं शाबूत असतं. माझ्याकडे पाठवलास तर दुसरा खटका सोल्डर करून देईन, पण तोवर भावोजी बोलणार कशाने, हेही कळतं. तेव्हा तो तिथेच राहू दे. हिरव्या दिव्यावरून तो कुठला ते ओळखलं. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा नवा कोरा माउस सोबत पाठवतोय. खोकासुद्धा तोच आहे, त्यावरच्या चित्रातला राक्षसही तोच.

जुना फेकू नकोस. मधलं चाक, डाव्या-उजव्याचा कोपरा, कुठेही काही तुटलेलं असलं तरी फेकू नकोस.

माझं छान चाललंय. कॅफे भरलेला असतो. पोरं गेम हरली की माउस टेबलावर आपटतात आणि मी ओरडतो, तेवढाच व्यायाम.

भावोजींना नमस्कार सांग. म्हणजे सांगू नकोस, गुपचूप लिहितेयस ना.

खटक्या


२४ जानेवारी

प्रिय खटक्या,

नवा माउस पोचला. ह्यांच्या हाताखाली ठेवला तेव्हा मी इतकी खूश होते की चहा उतू गेला. ह्यांनी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. बोटाची शीर वर आली, कपाळाला घाम आला, बटण जागचं हललं नाही. मी माझ्या बोटाने दाबून पाहिलं, मला फरक कळेना. मग जुना आणि नवा शेजारी ठेवून करंगळीने दाबले, तेव्हा कळला. खोका तोच आहे, पण आतलं काहीतरी त्यांनी बदललंय. नवा ताठ आहे.

ह्यांनी तो हाताने बाजूला ढकलायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. मीच उचलून कपाटात ठेवला. त्यानंतर दिवसभर जुन्या माउसलाही हात लावला नाही.

मी फार मेटाकुटीला आलेय रे. लेकीला सांगितलं तर ती नोकरी टाकून येईल, म्हणून तिला ‘बरं आहे’ एवढंच कळवते. आमचे शेजारी चांगले आहेत, पण ते ह्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं.

मला तुझ्याकडून एका प्रश्नाचं नीट उत्तर हवंय. असा बिघडलेला माउस भलत्याच चौकोनात दाबू शकतो का? म्हणजे माणसाला एक म्हणायचंय आणि माउस दुसरंच लिहून बसला, असं होतं का? तुझ्या कॅफेत असं कधी झालं असेल तर तसं लिही. पत्रातच लिही, म्हणजे मला ते दाखवता येईल.

ताई


३१ जानेवारी

प्रिय ताई,

चूक माझी. खोका तोच बघून विश्वास ठेवला. या कंपन्या नाव आणि राक्षस तसाच ठेवून आतला माल बदलतात, हे मला माहीत असायला हवं होतं. जुन्या मालातले खटके मऊ होते, नव्यातले कडक आहेत. कडक टिकतात जास्त, म्हणून बदलले असणार. सगळ्यांच्या फायद्याचं आणि आपल्या मुळावर.

म्हणून आता कॅफेतले दोन जुने पाठवतोय, त्याच मऊ मालातले. पोरांनी वापरून वापरून ते आणखी हलके झालेत. दिसायला गबाळे आहेत, एकाच्या कडेचं रबर चिकट झालंय, ते मी स्पिरिटने पुसलंय. भावोजींना झेपतील. किती दिवस ते मात्र सांगता येत नाही. खटका जितका हलका होतो तितका तो त्या दोनदा लागण्याच्या जवळ गेलेला असतो. तरी तेवढ्यात मी दुसरं काही बघतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तसं होत नाही. खटका थकला की माउस दाबलेलं तेच दोनदा म्हणतो. न दाबलेलं काही म्हणत नाही. बाण जिथे नेऊन ठेवलाय तिथेच लागतं. तेव्हा भावोजींचा एखादा शब्द दोनदा आला असेल तर एक काढून टाक, उरलेलं त्यांचंच आहे. हे डोळे झाकून मान. कोणालाही दाखव, खाली माझी सही आहे.

कोणी म्हणतंय का की ते भ्रमात लिहितात? तसं असेल तर मला सांग, मी येऊन बोलतो.

खटक्या


२२ फेब्रुवारी

खटक्या,

तुझे माउस मिळाले. एक चालला, मग तोही दोनदा लागायला लागला. दुसरा चालू आहे.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुझं पत्र मला नको होतं. मी तुझ्याकडे एक खोटं मागितलं होतं आणि तुला ते कळलंच नाही. तुझा दोष नाही. आता सगळं लिहिते.

ह्यांचा श्वास कमी पडतोय. सकाळी उठतात तेव्हा डोकं दुखत असतं, ओठ काळसर दिसतात. छातीच्या डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं, गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि श्वास मशीनने द्यायचा, किंवा नाही बसवायची. नाही बसवली तर काय, ते त्यांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं. आणि म्हणाल्या, हे आम्ही ठरवणार नाही, तुम्हीही नाही, ह्यांनी स्वतः सांगायचं.

घरी आल्यावर मी विचारलं. ह्यांनी लिहिलं, ‘ननकोको’.

मी डॉक्टरांना कळवलं की माउस बिघडलाय, उत्तर धरू नका. खरंही होतं ते. मी ह्यांनाही तसंच सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत दाबायला घेतलं, तर मी हाताखालून माउस काढून घेतला. चार्जिंग संपलंय, असं मी म्हणाले. त्याला सेल असतात, हे ह्यांना ठाऊक आहे.

असं केलंय मी. ज्या माणसाकडे बोलायला एक बोट उरलंय त्याच्या हातातून ते काढून घेतलं. मग वाटलं, तू लिहिशील की असले माउस भलतंच दाबतात, ते मी डॉक्टरांना दाखवेन, ह्यांना दाखवेन, आणि आम्ही तिघं मिळून ते खरं मानू. तू लिहिलंस, उरलेलं त्यांचंच आहे.

दुसऱ्या माउसवर ह्यांनी मागच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. या वेळी एकेकदाच लागलं. ‘नको’. कारण विचारलं तर डोळे मिटले.

डॉक्टर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहेत, तोवर श्वास धरून राहिला तर. मला काही सुचत नाही. दुकानात लोकांना नंबर तपासताना विचारते, ही ओळ दिसते का, आणि माझं मलाच समोरचं काही दिसत नसतं.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

मी येतोय. शुक्रवारी दुपारी पोचेन.

कॅफे कोण बघेल असं विचारू नकोस. कॅफे गेल्या पावसाळ्यातच बंद झाला. पोरांकडे घरीच सगळं आलं, माझ्याकडे कोणी येईना. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडे काही मागितलं नसतंस, म्हणून भरलेला आहे असं लिहीत राहिलो. कॅफे नसला तरी माउस आहेत, पोतंभर. डावीकडचे खटके सगळ्यांचे मेलेत, पण परवा एक उघडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उजवीकडचं बटण पोरं फारसं दाबत नाहीत. म्हणजे प्रत्येक मेलेल्या माउसमध्ये त्याच मऊ मालातला एक तरणा खटका बसून आहे. तो उपटायचा आणि डावीकडे लावायचा. इतके दिवस मी त्या पोत्यावर पाय ठेवून टीव्ही बघत होतो.

भावोजींना मी येतोय एवढंच सांग. बाकी काही समजावू नकोस. आणि माउस त्यांच्या हाताखालून काढू नकोस, काहीही लिहिलं तरी.

खटक्या


१० मार्च

खटक्या,

हे मी स्वतः लिहितोय. सकाळी सुरुवात केली. एकेकच अक्षर लागतं. दुरुस्ती करावी लागत नाही.

तू जमिनीवर बसून खटके बदलत होतास. एकेक माउस माझ्या बोटाखाली ठेवून विचारायचास, हा? की हा? सबंध दुपार. कोणी मला इतक्यांदा विचारलं नव्हतं अलीकडे. सगळे एकदा विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. तूही बडबडलास, पण थांबून वाट बघायचास.

हिला वाटतं मला जगायचा कंटाळा आला. नाही. जानेवारीत माउस मरत होता. नवा आला तो दाबता येईना. मला दिसलं पुढचं. गळ्यात नळी, मशीन श्वास देतंय, आणि मी आत पूर्ण जागा. कान चालू. हिने विचारायचं काय हवं आणि मला सांगता येत नाही. मशीन थकत नाही. ते किती वर्षं चाललं असतं. त्याला मी नको म्हणालो. हे सगळं लिहायला तेव्हा माझ्याकडे माउस नव्हता. एवढं सोडाच, दोनच अक्षरं निघाली.

आता विचारतो. हिच्यासाठी लिहू नकोस, मला लिही. हा माउस किती टिकेल?

हे हिच्या फोनवरही दिसेल. दिसू दे.


११ मार्च

भावोजी,

ताईपण वाचत असेल. वाच ताई.

स्वस्त माउसमध्ये काय टिकतं आणि काय जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पोटाखालचा दिवा आणि हालचाल टिपणारा डोळा जात नाही. कॉम्प्युटरला लावायचा चिमुकला रिसिव्हर हरवतो, बिघडत नाही. वायर नाही म्हणून वायर तुटायचा प्रश्न नाही. सेल आतच गळला तर पत्रा गंजतो, म्हणून ताईने सेल संपला की लगेच काढावा. कवच आपटल्याशिवाय फुटत नाही. राहता राहिला खटका. पोरं तो रागाने ठोकतात, तरी तो वर्ष-दीड वर्ष काढतो. तुम्ही ठोकत नाही. तुमच्या हाताखाली तो कितीतरी जास्त चालेल. तो गेला की दुसरा आहे, तो गेला की तिसरा. पोतं मी जपून ठेवलंय, आणि माझ्यासारखी बंद पडलेली दुकानं आणखी आहेत, त्यांच्याकडेही विचारून ठेवलंय. माउस तुम्हाला दगा देणार नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण तुम्ही नुसतं माउसचं विचारलेलं नाही. माउस आधी थांबेल की बोट, असं विचारलंय. मी तुमच्या बोटाखाली तीसेक खटके ठेवले असतील. सुरुवातीला जो तुम्हाला झेपला, तोच शेवटी परत ठेवला तेव्हा दोन प्रयत्न लागले. थकव्यामुळे असेल. पण जानेवारीतल्या जुन्या माउसचा झिजलेला खटका जेवढा मऊ होता त्याहूनही मऊ खटका तुम्ही आता त्या तीसांतून निवडलात, हेही खरं आहे.

बोट आधी थांबेल, असं मला वाटतं. केव्हा ते मला कळत नाही, डॉक्टरांनाही कळत नसणार. त्या आधी मी पायाच्या अंगठ्याने, गालाने, भुवईने काही दाबता येतं का ते बघेन. तुम्ही कंटाळाल इतकं बघेन. त्यापुढचं वचन माझ्याकडे नाही. हे लिहायला मला दिवस लागला, आणि माझी तर दहाही बोटं चालतात.

तुमचा,
खटक्या


२ एप्रिल

प्रिय खटक्या,

दुकानाच्या काउंटरवरून लिहितेय. आता लपवायचं काही नाही, पण इथे बसलं की हात चालतो.

तुमची दोन्ही पत्रं मी फोनवर वाचली होती. तुझं वाचून तुझा इतका राग आला की फोन पालथा घालून ठेवला. मग ह्यांच्या खोलीत गेले तर हे तेच पत्र परत वाचत होते, आणि चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं. सुटका झाल्यासारखं. मी शेजारी बसले. ह्यांनी लिहिलं, ‘हा एकटाच खरं बोलतो’. मी म्हटलं, मीही आता बोलेन. आणि तो चार्जिंगचा प्रकार कबूल केला. ह्यांनी लिहिलं, ‘माहीत होतं’. पुढे बराच वेळ बाण नुसता फिरत राहिला. मग लिहिलं, ‘तुझ्या जागी असतो तर मीही घेतला असता’.

गेल्या सोमवारी इस्पितळात नेलं. श्वास फारच खाली आला होता. छातीच्या डॉक्टरांनी स्क्रीन पलंगावर लावून दिली, तू निवडलेला माउस मी हाताखाली ठेवला आणि बाहेर जायला निघाले. मला तिथे थांबायची भीती वाटत होती, माझ्या तोंडाकडे बघून हे काही वेगळं लिहितील म्हणून. ह्यांनी बोटाने टकटक केलं. थांब म्हणून.

फार वेळ लागला. डॉक्टर बाई घड्याळाकडे न बघता उभ्या राहिल्या, त्याबद्दल मी त्यांचे उपकार विसरणार नाही. ह्यांनी लिहिलं, ‘हो. सांगता येतंय तोवर. सांगणं पूर्ण थांबलं की मशीनही थांबवायचं. तेव्हा मला विचारता येणार नाही म्हणून आत्ता सांगतो. हिला मान्य असेल तरच नळी.’

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, असं आधी सांगून ठेवता येतं, आम्ही ते मान्य करू, पण तुम्हाला त्या दिवशी इथे उभं राहावं लागेल.

खटक्या, मला हवा होता तो ‘हो’ मिळाला आणि त्याच्या पोटात हे होतं. मला ओरडावंसं वाटलं की हे फसवणं आहे. पण ह्यांचं बोट बटणावरच होतं, माझी वाट बघत. तू बघायचास तशी. मी म्हटलं, मान्य आहे. मग ह्यांच्याकडे बघून पुन्हा म्हटलं.

नळी बसली. ओठांचा रंग परत आलाय. परवा लेक आली, तिला मी सगळं सांगितलं. तिच्यापासून आता काही लपवत नाही. ती बापाच्या शेजारी बसून असते आणि दोघं माझ्याबद्दल काहीबाही लिहून हसतात. म्हणजे ती हसते, ह्यांचे डोळे हसतात.

तू पुढच्या वेळी येशील तेव्हा मला सोल्डर करायला शिकव. खटका गेला तर तुझ्या गाडीची वाट बघायला लागू नये. आणि तो पायाच्या अंगठ्याचा प्रयोग म्हणालास, तो लवकर सुरू करू. भुवईचाही.

सकाळी इस्पितळात मशीनचा आवाज ऐकत मी पलंगाशी जाते. हे डोळे उघडतात, मी गुड मॉर्निंग म्हणते, आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत नाही. बोटाकडे बघत राहते, ते हलेपर्यंत.

आज हललं.

तुझी,
ताई